रांजणाजवळची पाटी

संभाजीनगरच्या एका छोट्या संग्रहालयात वस्तूंजवळच्या पाट्या लिहायचं काम तनुजाकडं होतं. शाळकरी पोरांपासून खेड्यातल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना कळावं म्हणून तिनं तीन महिने खपून एकेक पाटी चार सोप्या वाक्यांत बसवली, अक्षरंही ठसठशीत घेतली. साहेब मात्र नाराज होते. "बालवाडीचं पुस्तक वाटतंय हे. आठवडाभर बघू, नाहीतर जुन्या पाट्या परत लावू."

सहा दिवस लोक आले, सेल्फी काढून पुढं सरकले. सातव्या दिवशी पाचोडहून सहलीला आलेल्या बायकांतल्या द्वारकाबाई मातीच्या रांजणापाशी थांबल्या त्या थांबल्याच. बाकीच्या चहाला गेल्या तरी यांची नजर पाटीवरून हटेना. रांजणाकडं तर त्यांनी पाहिलंही नाही. तनुजा लगबगीनं त्यांच्याजवळ गेली. एवढं सोपं लिहूनही अडलंच म्हणायचं!

"मावशी, अवघड लिहिलंय का हो? मी वाचून दाखवू?"

"नगं गं माय," द्वारकाबाई हसल्या. "औंदाच अक्षरं शिकले मी. आख्खी पाटी आज पहिल्यांदा माझी मी वाचली. खरंच वाचली का, म्हणून पुन्हा पुन्हा वाचून बघितली."

बोलणं ऐकून साहेबही जवळ येऊन उभे राहिले होते. द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं वळून हात हलवला.

"ओ दादा, जरा सरका की बाजूला. पुढली पाटी झाकली तुमी!"