दारात कोण?

लेखकांचा संप सुरू झाला तेव्हा दूरदर्शनच्या मालिकेची गोष्ट इथेच अडली होती: दारावर थाप पडते, नायिका दार उघडते. दारात कोण, हे लिहायच्या आधीच लेखक मार्तंडराव गोरेगावच्या स्टुडिओच्या फाटकाबाहेर फलक घेऊन बसले. भाजीवालीपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी नायिकेचं काम करणाऱ्या मृणालिनीला तेच विचारून भंडावून सोडलं. तिलाही राहवेना. सकाळी फाटकात तिने मार्तंडरावांनाच गाठलं. “दारात कोण आहे हो?” “संप मिटेपर्यंत कुणीच नाही,” ते हसले. आत निर्मात्याने स्वतःच्या मेहुण्याला कोट चढवून दारामागे उभं केलं होतं. “पण हा कोण?” मृणालिनीने विचारलं. “तू उघड तर, मग ठरवू!” दिग्दर्शक खेकसला. कॅमेरा सुरू झाला, थाप पडली. मृणालिनी दाराशी गेली. “कोण आहे?” मेहुण्याचं उत्तर कुणी लिहिलंच नव्हतं. “कुणी नाही,” म्हणत तिने आतून कडी घातली.