चूलबंद आवतन

रिसोडजवळच्या माळावर दर उन्हाळ्यात पोरांचं शिबिर भरायचं आणि भागिरथाबाई त्यांचा स्वयंपाक करायची. सगळ्यांची जेवणं उरकली की पोरं हात धरून तिला शेवटच्या पंगतीला बसवायची. बहात्तरच्या दुष्काळात शिबिर बंद पडलं. माळावर प्लॉट पडले आणि बघता बघता कॉलनी उभी राहिली. भागिरथाबाई मात्र कोपऱ्यातल्या त्याच स्वयंपाकाच्या खोलीत एकटी राहिली.

एका सकाळी कॉलनीतले माणिकराव शिबिराचा भात शिजवायचा मोठा गंज मागायला आले. "घरभरणी हाय, बाई. साऱ्या कॉलनीले चूलबंद आवतन देल्लं. आज कोनाच्याच घरी चूल पेटनार नाही."

भागिरथाबाईनंही पेटवली नाही. ठेवणीतलं लुगडं नेसून ती उंबऱ्यात बसली. पंगतीमागून पंगती उठल्या. आपली सवय तर शेवटच्या पंगतीचीच, असं म्हणत ती हाकेची वाट पाहत राहिली.

दिवस कलल्यावर माणिकराव स्वतः गंज घेऊन आले. "पाहून घ्या, बाई. चांगला घासून आनला. एक शीत राहू देल्लं नाही."

"बरं केलं," भागिरथाबाई म्हणाली, आणि लुगड्याचा पदर खोचून चूल पेटवायला बसली.