पायाखालचा सूर

"वाद्याला पाय लावायचा?" निशिगंधाने विचारलं. तिचा पाय हवेतच थांबला. गिटारला हवा तो आवाज देणारी दोन यंत्रं दुकानात होती: एक कपाटात बसवून हाताने चालवायचं, दुसरं जमिनीवर ठेवून पायाने दाबायचं. आवाज दोन्हींचे सारखेच. "कपाटातलंच द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

"मी जन्मभर नाटकांत पायपेटी वाजवली," बाकावरून तिचे वडील, आप्पा म्हणाले. नाटक कंपनी बंद पडल्यापासून आप्पांनी पेटीचं नावही काढलं नव्हतं. "पायांनी भाता मारल्याशिवाय ती बोलायची नाही. चपला मात्र काढायचो."

तिने चपला काढल्या, खालच्या यंत्राला वाकून नमस्कार केला आणि अंगठ्याने कळ दाबली. तार छेडताच सूर धुक्यासारखा पसरला. दुकानाच्या भिंती त्यात विरून गेल्या.

तिने वळून पाहिलं. आप्पांनी चपला काढल्या होत्या. मिटल्या डोळ्यांनी ते बसले होते आणि त्यांचे पाय फरशीवर आळीपाळीने भाता मारत होते.