चांगलं वळण

लष्करातून निवृत्त झाल्यावर नवऱ्याने घरी कुत्रा आणला, तो "सोबतीला" म्हणून. कुत्रा ऊठसूट त्याच्या मांडीवर पंजा ठेवायचा. धुतलेली पँट, नवा सोफा, सगळ्याचं वाटोळं! तिने महिनाभर "खाली!" असं दरडावून कुत्र्याला वळण लावलं. हल्ली नवरा बाथरूमला कडी लावून तासन्‌तास बसायचा, तेवढं सोडलं तर घर कसं आरशासारखं होतं.

आज कुत्र्याचा प्रशिक्षक चौकशीला आला.

"मांडीवर पंजा ठेवतो ना?"

"छे, ती खोड मी केव्हाच मोडली!"

तो हळूच म्हणाला, "वहिनी, लढाई आठवून साहेबांना कापरं भरतं, ते याला आधी कळतं. पंजा ठेवून तो त्यांना सावरतो. त्यासाठीच तर दिला होता."

तिने सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मला भीती वाटते म्हणून?"

इतक्यात खाली कुणीतरी दुकानाचं शटर धाडकन ओढलं. नवऱ्याची बोटं थरथरू लागली. कुत्रा धावत त्याच्यापाशी गेला. त्याने पंजा उचलला, तिच्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा परत खाली ठेवला.