सहा पेले

“सुलक्षणा, त्याले दारू इकू दे, पन एक थेंब त्याना तोंडमा नको जाऊ देजो.” शेवटच्या आजारात सासूबाईंनी हात धरून एवढंच सांगितलं होतं, आणि सुलक्षणानं मान हलवली होती.

तिच्या नवऱ्यानं, प्रेमराजनं, धुळ्यात अठरा वर्षं वाईनचं दुकान चालवलं, पण ओठाला थेंब लागू दिला नाही. बंद बाटली गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, त्यात चाखायचं काय? आता मात्र दुकान विकून त्यानं परदेशातून वाईन आणायचा परवाना काढला, आणि पहिल्याच सौद्यात पाय अडकला. परवा मुंबईत त्या परदेशी कंपनीचे लोक त्याच्यापुढे वाईनचे सहा पेले मांडणार होते. चाखून एक निवडायची, मगच करार.

“एखादा पगारी जाणकार न्या ना,” सुलक्षणा म्हणाली.

“चालत नाही. घरचंच माणूस पाहिजे म्हणतात. ज्याच्या घरात मालाची चव माहीत नाही, त्याला माल देत नाहीत.” तो कसनुसा हसला. “मागे दुकान राहिलं नाही, पुढे तू आईला दिलेला शब्द आडवा. तूच सांग, कुठे जाऊ?”

सुलक्षणा चातुर्मासात कांदासुद्धा खात नसे. निघायच्या दिवशी पहाटे अंघोळ करून तिनं देवापुढे दिवा लावला, लहानपणापासून गळ्यात असलेली तुळशीची माळ काढून देवाच्या पायाशी ठेवली, आणि बाहेर येऊन चपला घातल्या.

“चव मी घेते,” ती हळूच म्हणाली, आणि मुंबईच्या गाडीसाठी त्याच्या पुढे चालू लागली.