राखाडी रेघ

लेकीच्या वर्गाला गणितासाठी घराचा नकाशा काढायचा होता. चौघींचा गट, सगळ्यांचा मिळून एक ऑनलाइन फळा. प्रत्येकीने आपलं घर काढायचं, बाकीच्यांनी चुका दुरुस्त करायच्या. जिचा तिचा रंग ठरलेला.

आमचा पॅसेज आम्ही मायलेकींनी टेपने दोनदा मोजला. आठ फूट. संध्याकाळी फळ्यावर कुणीतरी आठ खोडून राखाडी रंगात नऊ लिहिलं होतं.

"मैत्रिणी भलत्याच हुशार गं तुझ्या. घरी बसून आपलं घर मोजतात."

"आई, राखाडी रंग कुणाचाच नाहीये."

मी पुन्हा टेप लावली. नऊ फूट भरलं.

गणिताच्या बाईंना फोन केला. "अहो, चौघींशिवाय तिथे कुणी येऊच शकत नाही," त्या हसल्या. "तुम्ही ना, फारच काळजी करता."

दुसऱ्या दिवशी राखाडी रेघेने हॉलची खिडकी डावीकडे सरकवली. तेव्हापासून आमचा पडदा अर्धा भिंतीवरच लोंबतो.

आज दुपारी लेक तिच्या खोलीत फळ्यावर काम करत होती. मी स्वयंपाकघरात, तिच्याच लॉगिनने फोनवर तोच फळा उघडून बसले होते. राखाडी रेघ आली. तिने लेकीच्या खोलीचं दार खोडलं आणि त्या जागी सरळ भिंत ओढली.

"बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!" मी धावत सुटले.

"आई, दार कुठंय?" आतून आवाज आला.

मी पॅसेजची नऊच्या नऊ फूट भिंत तळहातांनी चाचपली. कुठे साधी फटसुद्धा नव्हती.