बायपासची दांडी

चौतीस वर्षं अख्ख्या शहराला स्वच्छ पाणी पाजणाऱ्या माणसाच्या परसातलं तळं हिरवंगार असावं, यासारखा नियतीचा क्रूर विनोद नाही. तसं त्या चौतीस वर्षांत साहेब घरी पाणी उकळूनच प्यायचे, पण तो मुद्दा वेगळा.

पाणीपुरवठा खात्यातून साहेब निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात बायकोनं परसात तळं खणायची टूम काढली. "मासे पाळा. मन रमेल," ती म्हणाली. मासे आले. पंप आला, त्याच्यामागून फिल्टर आला. मग शेवाळ आलं, बिनबोलावता, आणि घरच्यासारखं राहिलं. वर्षभरात साहेबांना आपले मासे दिसले ते फक्त खाणं टाकताना, तेही तोंडापुरते.

शेवटी साहेब यूव्हीवर आले. एका नळकांड्यात दिवा. फिल्टरमधून आलेलं पाणी त्या दिव्याला वळसा घालून तळ्यात परत जाणार आणि वाटेत शेवाळाचा निकाल लागणार. जोडायला मिस्त्री आला. खात्यातला जुना फिटर, साहेबांच्या हाताखाली बावीस वर्षं काढलेला. एकदा फुटलेल्या मोठ्या लाइनपायी साहेबांनी त्याला मेमो दिला होता, आणि त्याची बढती दोन वर्षं लांबली होती. त्यावर दोघं कधी बोलले नव्हते.

"साहेब, फिल्टरच्या पुढं दोन वाटा काढतो," मिस्त्री म्हणाला. "एक दिव्यातून, एक बाहेरून. दिवा पुसायला काढलात तर पाणी बाहेरून जाईल."

"म्हणजे बायपास. मला शिकवतोस?"

"छे! तुम्हीच शिकवलंत."

बायपासच्या व्हॉल्व्हची दांडी पाइपाच्या रेषेत असली की तो चालू, आडवी असली की बंद. साहेब रोज सकाळी ती आडवी असल्याची खात्री करून घेत. माणसांवर त्यांनी कधी टाकला नाही एवढा विश्वास ते व्हॉल्व्हच्या दांडीवर टाकत आले होते. महिनाअखेरीला खात्यातली जुनी मंडळी तळं बघायला येणार होती. साहेबांनीच बोलावलं होतं, जरा मोठ्या आवाजात.

आठ दिवस झाले. पाणी हिरवं. पंधरा झाले. पाणी जास्तच हिरवं.

मिस्त्री दर रविवारी यायचा. एका रविवारी म्हणाला गाळ आहे, तर दोघांनी दिवसभर फिल्टरचे स्पंज धुतले. पुढच्या रविवारी पंपाचा जोर फार आहे, पाणी दिव्यापाशी थांबतच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ऊन. मग जाळी बांधली. साहेबांचे मधले सहा दिवस मिस्त्रीनं सांगितलेल्या गोष्टी करण्यात जायचे. बायको चहा परसात पाठवायची, जेवणही तिथंच. कधी कुरकुर केली नाही.

मंडळी आली. तळ्याभोवती उभी राहिली.

"साहेब, मासे आहेत ना खरंच? की कागदावर?" कुणीतरी विचारलं.

सगळे पोट धरून हसले. फक्त मिस्त्री हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी पाना घेतला आणि बायपासचा सांधा खोलला. दांडी आडवी होती, म्हणजे पाणी बंद. तेच बंद पाणी भळाभळा त्यांच्या छातीवर आलं.

साहेब ओल्या बनियननिशीच वाकून बघू लागले. दांडीच्या नटावर पान्याचे ओरखडे होते. कुणीतरी दांडी काढून पाव फेरा फिरवून पुन्हा बसवली होती. महिनाभर पाणी बाहेरच्या वाटेनं जात होतं, आणि दिवा खात्यातल्या दिव्यांसारखा नुसताच जळत होता.

मिस्त्रीला बोलावलं.

"ही दांडी कुणी काढली होती?"

मिस्त्रीनं दांडीकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "मीच, साहेब."

"चुकून?"

"नाही."

"त्या मेमोपायी? बारा वर्षं पोटात ठेवलास?"

"मेमो बरोबर होता, साहेब. चूक माझीच होती."

"मग का रे?"

मिस्त्री टेपचं रीळ उगाच गुंडाळत राहिला.

"माझ्या दारात बसून, माझ्या घरचं जेवून? चार लोकांत माझं हसं केलंस. चालता हो. परत या फाटकातून आत येऊ नकोस."

मिस्त्री गेला. जाताना फाटकाची कडी नीट लावून गेला.

ठेकेदारांनी साहेबांना आयुष्यभर फसवलं होतं. त्याचं वाईट वाटलं नव्हतं. ते त्यांचं कामच होतं. हा मात्र आपला माणूस. साहेबांनी सांधा जोडला, दांडी पुन्हा बरोबर बसवली, बायपास खरोखरचा बंद केला आणि स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले.

"मिस्त्रीनंच केलं," ते म्हणाले.

"काय सांगता!" बायको भाजी परतत म्हणाली.

"कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा? जाऊ दे. आता आठ दिवसांत पाणी नितळ होईल. परसात काही काम उरलं नाही. मी आहे आता घरातच."

बायकोचा झारा थांबला.

साहेबांची नजर फळीवर गेली. "हे डबे असे का लावलेत? रोजचे खाली हवेत. आणि भाजी एवढ्या मोठ्या आचेवर? थांब, आधी या फळ्या मोजू. टेप आणतो."

त्यांची पावलं जिन्यावर वाजली तशी बायकोनं गॅस बंद केला आणि फोन लावला.

"भाऊ, फार बोलले का हो? असू दे, चार दिवसांत स्वतःच बोलावतील. दांडीचं कळलंय त्यांना. आता दुसरं काहीतरी काढा."